नळीची तारीख कोण पाहणार?

महोदय,

लघवीची नळी घालून रुग्णाला घरी सोडतात, पण ती बदलायची कधी हे नातेवाइकांना ठाऊक नसते. रिक्षात पिशवी हमखास मांडीवर ठेवली जाते. स्वस्त पिशवीला झडप नसली की लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कमरेखाली हवी, जमिनीला मात्र टेकू नये. नळीच्या बाजूने लघवी गळू लागली, तर आधी पीळ, गाळ आणि बद्धकोष्ठता पाहावी; जाड नळी हा उपाय नव्हे. नळी मूत्राशयात अडकवून ठेवणाऱ्या तिच्या टोकाच्या फुग्यात निर्जंतुक पाणीच भरावे. सलाइनचे क्षार साचले तर नळी काढताना फुगा रिकामा न होण्याचा धोका असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले की तुंबणे आलेच! शहरातील आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित परिचारिकेकडे अशा रुग्णांची नोंदवही द्यावी. नळी अजून हवीच का, हेही तिनेच दर भेटीत डॉक्टरांना विचारावे.

– काही परिचारिका, सोलापूर