सिस्टरना पुरस्कार नको, आम्हाला संध्याकाळची एक खोली द्या

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. मी मालवणीत राहते, मालाड पश्चिम. घरी शिकवण्या घेते, मिस्टरांची रिक्षा आहे. पत्र लांबणार आहे म्हणून तुमच्या पीएसाठी मुद्दा वरच सांगून टाकते: आम्हाला आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली पाहिजे, दीड-दोन तास, पंखा चालू असलेली, आणि भाडं आम्ही देऊ. बाकीचं पत्र ती खोली का पाहिजे त्याबद्दल आहे.

आमच्याकडे एक सिस्टर आहेत. कॅथलिक, मूळच्या वसईच्या, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. नाव लिहीत नाही, त्यांना चालणार नाही. मध्यंतरी इथल्या एका पुढाऱ्याच्या ऑफिसातून त्यांचं नाव कुठल्याशा पुरस्काराला पाठवायचं चाललं होतं, पोरगा फॉर्म घेऊन आला तर सिस्टर म्हणाल्या ठेव इथे, मागची बाजू कोरी आहे, चहाचा हिशेब लिहायला होईल. आता त्यांची बदली झालीय. नन लोकांची पण बदली होते साहेब, तुमच्या अधिकाऱ्यांसारखीच, वरून चिठ्ठी आली की बॅग भरायची, त्यात वशिला नाही की मॅट नाही, म्हणजे बदलीविरुद्ध दाद मागायचं ते सरकारी नोकरांचं ट्रिब्युनल नाही. जूनमध्ये त्या जाणार. आणि संध्याकाळी बालवाडीची जी खोली आम्हाला मिळते ती त्यांच्या शब्दावर मिळते, म्हणजे तीपण गेलीच समजा.

हे काम सुरू कसं झालं ते तुम्हाला माहीत असायला हवं, कारण ती बातमी तेव्हा देशभर गेली होती. जून 2015, लक्ष्मीनगरची विषारी दारू. मिथेनॉल घातलेली गावठी, शंभरच्या वर माणसं गेली, जी वाचली त्यातल्या काहींचे डोळे गेले. जवळजवळ सगळे रोजंदारीवाले. तेव्हा मंत्री आले, चॅनलच्या गाड्या आल्या, नुकसानभरपाई जाहीर झाली. केस चालली 2024 पर्यंत, चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले. सिस्टर तेव्हा मयताच्या घरी जाऊन नुसत्या बसायच्या, रेशनकार्ड-बँकेची कामं करून द्यायच्या, आणि त्यांना दिसलं की ज्या घरात बाप गेला त्याच घरात तेराव्याच्या आत मोठा मुलगा क्वार्टर लावून आलाय. तिथून त्यांनी हे हातात घेतलं.

आता तुमच्या खात्याबद्दल. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो आणि 2 ऑक्टोबरपासून व्यसनमुक्ती सप्ताह, हे मला पाठ आहे कारण माझ्या शिकवणीची पोरं दर वर्षी बॅनर धरून रॅलीत जातात. शपथ घेतात. शपथ घेणाऱ्या पोरांना काही व्यसन नसतं आणि ज्यांना असतं ते तेव्हा झोपलेले असतात. रॅली करू नका असं नाही म्हणत, करा, पण केंद्राच्याच सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून सर्व्हे करून घेतला होता, 2019 मध्ये आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कसली ना कसली ट्रीटमेंट मिळाल्याचं दिसलं, आणि ऍडमिट होऊन मिळालेला 180 मागे एक. हे आकडे सरकारचे आहेत, माझे नाहीत. उरलेले 37 कुठे असतात ते मी सांगते, ते नाक्यावर असतात.

आमचे हे त्या 37 मध्ये होते. सगळी कहाणी सांगत बसत नाही, सगळ्यांच्या घरची सारखीच असते. फक्त दोन गोष्टी. एक, आम्ही त्यांना शहराबाहेरच्या एका सेंटरला टाकलं होतं, उधारी करून. गेटला बाहेरून कुलूप, पंधरा दिवस फोन नाही, आणि घरी आले तेव्हा पाठीवर वळ. आता मला कळलंय की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचं व्यसनपण येतं, अशा सेंटरला नोंदणी लागते, माणसाला तिथे हक्क असतात. पण तेव्हा कोण सांगणार? आणि आजही अशी सेंटरं चालू आहेत, तुमच्या लोकांनी एकदा न सांगता जाऊन बघावं.

दुसरी गोष्ट, त्यानंतर ह्यांनी स्वतःच सोडायचं ठरवलं, घरात, एकदम. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढताना दिसायला लागल्या, अंगभर घाम, मला ओळखेनात. शेजारच्या ताईने सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, हात धरून बघितला, आणि प्रार्थना वगैरे काही नाही, थेट म्हणाल्या रिक्षा काढा, हे हॉस्पिटलचं काम आहे, फिट येईल. खूप वर्षं पिणाऱ्याने अचानक बंद केली की जिवावर बेततं, हे मला त्या रात्री कळलं. आठवडाभर सरकारी हॉस्पिटलमध्ये होते, झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या, व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं. डॉक्टर भले होते. पण डिस्चार्जच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं ‘दारू टाळा’. बस. माणूस ज्या गल्लीत पीत होता त्याच गल्लीत परत आला, खिशात ‘दारू टाळा’ घेऊन.

मीटिंग असते ती इथून पुढच्यासाठी.

मंगळवार आणि शुक्रवार, साडेसात. बालवाडीची खोली, भिंतीवर आंबा-केळी-अननसाचे तक्ते, खुर्च्या इतक्या छोट्या की सगळे मोठे बाप्ये गुडघे छातीला लावून बसतात आणि नवा आलेला माणूस हे बघून पहिल्यांदा हसतो, कितीतरी महिन्यांनी हसत असेल. मीटिंग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची. फक्त पहिलं नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचं आणि बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, उपदेश नाही. सिस्टर आत बसतच नाहीत. त्या बाहेर पायरीवर आम्हा बायकांबरोबर असतात, मांडीवर कुणाचं तरी पोर, हातात वही. कोण दोन वेळा आला नाही त्याच्या नावापुढे टिंब, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याच्या दारात हजर. स्लिप झाली असेल, म्हणजे परत प्याला असेल, तर ओरडत नाहीत. चहा प्यायला का, एवढंच विचारतात. त्या सातच्या हजेरीने जितके लोक टिकलेत तितके कुठल्या भाषणाने टिकले नसतील, आणि हे काम कुठल्या योजनेत बसतं ते मला अजून सापडलेलं नाही.

सिस्टर एक गोष्ट नेहमी सांगतात. अमेरिकेत अक्रन नावाचं गाव आहे, एए तिथलीच, 1935 ची. तिथे सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया म्हणून ऍडमिशनच्या टेबलावर बसायच्या. बेवड्याला बेड द्यायचा नाही असाच तेव्हाचा रिवाज. तर 1939 मध्ये त्यांनी आणि एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉक्टर बॉब, ह्यांनी मिळून एकाला पोटाला सूज आहे असं कागदावर लिहून आत घेतलं आणि पेशंटसाठी येणारी फुलं जिथे लावून ठेवायचे त्या खोलीत त्याचा पलंग सरकवला. पुढे हजारो माणसं त्या हॉस्पिटलातून गेली. आयर्लंडमध्ये सिस्टर कॉन्सिलिओंनी 1966 साली अथाय गावात कॉन्व्हेंटच्या बंद पडलेल्या डेअरीत बेवड्यांना बसायला जागा दिली, तेच वाढून आज देशभर सेंटरं आहेत. आपल्याकडची व्यसनमुक्तीची सेंटरं, बांद्र्याला फादर जो परेरांची कृपा 1981 ची, पुण्यात अवचटांचं मुक्तांगण 1986 चं. प्रत्येक ठिकाणी आधी कुणीतरी जागा दिली साहेब. फुलांची खोली, डेअरी, काहीही. सरकारी भाषेत त्याला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणत असतील.

तुम्ही म्हणाल संस्था रजिस्टर करा, ग्रँटला अर्ज करा. इथेच मेख आहे. एए बाहेरचा पैसा घेत नाही. सरकारचा नाही, चर्चचा नाही, शेठचा नाही, त्यांचा नियमच आहे, आपला खर्च आपण भागवायचा. मीटिंगच्या शेवटी टोपली फिरते, दहा-वीस रुपये पडतात, त्यातून चहा आणि जागेचं भाडं. चर्चच्या खोलीचंपण भाडं देतात. म्हणजे महाराष्ट्रात बहुतेक एकच जनता असेल जी मंत्र्याला पत्र लिहून सांगतेय की पैसे नकोत. आणि तरी खोली मिळत नाही. पालिकेची शाळा संध्याकाळी सहानंतर बंद, वॉचमन म्हणतो ऑर्डर आणा. समाजमंदिर कुणाच्या तरी निधीतून बांधलंय आणि किल्ली कुणाच्या तरी पुतण्याकडे, तिथे हळदी, बारसं, कॅरम सगळं होतं, पण ‘बेवडे लोक’ म्हटलं की तोंड वाकडं. शाळा पालिकेच्या, माझ्या खात्याच्या नाहीत, असं म्हणू नका. एक पत्र आयुक्तांना गेलं की काय काय होतं ते आम्ही निवडणुकीच्या आधी बघतो.

आता शांततेचं. तुम्हाला वाटेल व्यसनमुक्तीच्या पत्रात हे कुठून आलं. सिस्टरच्या डोक्यात ही दोन कामं वेगळी कधी नव्हतीच. मिरवणूक कुणाचीही असो, दगड उचलणारे पोरगे कुणीतरी पाजून पुढे केलेले असतात हे मालवणीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 2023 च्या रामनवमीला इथे दगडफेक झाली, पेपरात आलं. त्या रात्री आमच्या खोलीतले लोक, त्यात राम भजणारे, नमाज पढणारे, बुद्धविहारात जाणारे आणि संडे मासवाले सगळे आहेत, एकमेकांना फोन करत होते, तुझी पोरं घरात आहेत का, माझा भाचा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे, त्याला आत घे. ह्या माणसांनी एकमेकांसमोर रडून झालेलं असतं, बायकोला मारल्याचं सांगून झालेलं असतं. त्यांना एकमेकांविरुद्ध उठवणं जड जातं. त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद दोन्ही 28 सप्टेंबरला आले होते, मुंबईत जुलूस 29 ला ठेवला गेला, सगळ्यांनी कौतुक केलं. असं शहाणपण वरून ठरतं तेव्हा खाली नाक्यावर रात्रभर कुणीतरी उभं असतं, आमच्याकडे हे लोक होते, आणि सिस्टर थर्मास घेऊन.

1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईत पोलिस आणि रहिवाशांच्या मोहल्ला कमिट्या झाल्या, पोलिस आयुक्त राहिलेले रिबेरो साहेब, सहानी साहेब आणि सुशोभाताई बर्वे ह्यांनी उभ्या केल्या, आमच्या सिस्टर त्याच शाळेतल्या. पोलिस स्टेशनच्या शांतता समितीत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात आणि दर वेळी एकच मुद्दा काढतात: सणाच्या आदल्या दिवशी ड्राय डे आहे तर ब्लॅकची पेटी कुठून येते? (अमेरिकेत मेगन राइस नावाच्या सिस्टर होत्या, 2012 मध्ये, 82 व्या वर्षी, तारा कापून ओक रिजच्या युरेनियमच्या कारखान्यात शिरल्या आणि दोन वर्षं जेलात राहिल्या. आमच्या सिस्टर तेवढ्या टोकाच्या नाहीत, पण पेटीच्या प्रश्नाने सिनियर साहेबांचा चेहरा साधारण तसाच होतो.)

पोरांचं थोडक्यात सांगते कारण ते मोठ्या साहेबांचं काम आहे. दारूपेक्षा आता एमडी (मेफेड्रोन) जास्त, 2015 पासून एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, आहे तरी मिळते. नशेत सापडलेल्या पोराला नशा केल्याच्या शिक्षेचं कलम 27 माहीत असतं, वकील सांगतो. पण त्याच कायद्यात 64 अ आहे, नशा करणाऱ्याने आपणहून ट्रीटमेंट घेतली तर खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम आमच्याकडच्या एकाही आईला कुणी सांगितलेलं नव्हतं, सिस्टरनी सांगितलं. पोलिस स्टेशनच्या भिंतीवर मराठी-हिंदी-उर्दूत लावायला काय लागतं? आणि खाली 14446 हेल्पलाइन, ठळक.

जून 2025 मध्ये तुमच्या मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14 हजार कोटी जादा येतील असं सांगितलं. एएला त्यातला रुपया नको, वर सांगितलंच. पण सकाळी सातला दारात जाणारं माणूस एएचं नसतं, ते पगारी असू शकतं. सिस्टर गेल्यावर ही वही कोण सांभाळणार? दोन पोरी तयार आहेत, एकीचा भाऊ याच खोलीतून सुधारला, दोघींना वस्ती माहीत आहे, पण घर चालवायचंय त्यांना, फुकटात किती दिवस करतील. प्रत्येक वॉर्डात अशा दोन कार्यकर्त्या नेमा, सरकारी हॉस्पिटलातून दारूचा पेशंट सुटला की त्याचा नंबर, त्याच्या परवानगीने, त्यांच्याकडे जाऊ दे. ‘दारू टाळा’च्या जागी मंगळवार साडेसात आणि पत्ता लिहिलेला असू दे.

आमचे हे आता मीटिंगला चहाची ड्युटी करतात. जूननंतर चहा कुठे करायचा हे त्यांनी मला परवा विचारलं, मी म्हटलं मंत्र्यांना विचारते.

महिन्यातून एकदा ओपन मीटिंग असते, तेव्हा बाहेरच्यांना येता येतं. तुम्ही या. गाडी मेन रोडला सोडा, गल्लीत वळत नाही, आणि फोटोग्राफर आणू नका, आत बसलेल्यांची नावं आणि चेहरे बाहेर जायचे नाहीत एवढी एकच अट आहे. खुर्च्या छोट्या आहेत हे आधीच सांगितलंय.

आपली,
मालवणीतली एक रहिवासी