बेलो ओरिझोन्तेहून आई-बाबांना

बेलो ओरिझोन्ते, ब्राझील
नागपंचमी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
मनीषाचा साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर बाबांना माझं निम्मं बोलणं ऐकू जात नाही आणि उरलेलं निम्मं संतोष त्याच्या पद्धतीनं सांगतो, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, शेवटचं पान आधी वाचू नकोस. क्रमानं वाच.

माझा दिवसाचा कार्यक्रम तुम्हाला पाठ आहे, तो परत लिहीत नाही. इथे सध्या थंडी आहे, पण आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला पडते तेवढीच. आईनं दिलेला स्वेटर पुरतो. नवा विणायला घेऊ नकोस, तुझे डोळे जप.

काकांनी गावात सगळ्यांना सांगितलंय म्हणे, की मनीषा ढेकणाच्या रोगाच्या पेशंटमध्ये बसते आणि तिला तो रोग लागला तर काय करायचं. त्यावर आई चार रात्री झोपली नाही असं संतोष म्हणाला. म्हणून हे आधी स्पष्ट करते. काका म्हणतात तो रोग म्हणजे शागस. तो शिवल्यानं, खोकल्यानं, पेशंटच्या शेजारी बसल्यानं किंवा त्याच्या हातचा चहा प्यायल्यानं होत नाही. इथे ढेकणाच्याच वर्गातला, पण बोटाच्या पेरापेक्षा मोठा एक रक्तपित्या किडा असतो. तो रात्री झोपलेल्या माणसाला चावतो आणि तिथेच घाण करतो. त्या घाणीतले जंतू खाजवताना जखमेतून किंवा डोळ्यातून आत जातात. याशिवाय बाधित रक्त दिल्यानं, आईकडून पोटातल्या बाळाला आणि किडा चिरडून मिसळलेल्या उसाच्या किंवा फळांच्या रसातूनही होतो. मी राहते ती इमारत काँक्रीटची आहे, माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे. कोणाचं रक्तही मी काढत नाही. माझ्या हातात येतो तो इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, मशीनचा माउस.

बाबा, तुम्हाला हे आईला माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल. नोकरीत असताना तुम्ही सर्रा झालेली जनावरं पाहिली आहेत. रक्तात वळवळणारा तो जंतू ट्रिपॅनोसोमा, आणि शागसचा जंतू त्याचाच भाऊबंद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात 2004 साली सर्राचा जंतू सापडला होता. तो जंतू माणसात सापडल्याची ती जगातली पहिली पक्की नोंद. त्या माणसाच्या रक्तात, इतर सगळ्यांना सर्रापासून वाचवणारं एक प्रथिन नव्हतं, असं पुढे कळलं. तो औषधानं बरा झाला. इथे माझ्या मार्गदर्शक बाईंना मी महाराष्ट्रातली आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न चंद्रपूरचाच विचारला. मला अभिमान वाटला, आणि तुम्ही आठवलात.

हा रोग सापडला तोही याच राज्यात, मिनास जेराइसमध्ये. लासांस नावाचं गाव आहे, तिथून रेल्वे टाकायचं काम चालू होतं आणि मजुरांना मलेरियानं घेरलं होतं. तो आटोक्यात आणायला कार्लोस शागस नावाचा तरुण डॉक्टर तिकडे गेला. रेल्वेच्या एका डब्यात राहायचं, तिथेच सूक्ष्मदर्शक मांडायचा. कोणीतरी त्याला कुडाच्या भिंतींतले हे किडे दाखवले. त्यानं आधी किड्याच्या आतड्यात जंतू शोधला आणि मग 14 एप्रिल 1909 रोजी बेरेनीस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात. एकाच माणसानं जंतू, तो पसरवणारा किडा आणि माणसाला होणारा रोग असं तिन्ही शोधून काढलं. ती मुलगी पुढे सत्तरी ओलांडून जगली. 14 एप्रिलला जगभर शागस दिन पाळतात. मी इथल्या लोकांना सांगितलं की आमच्याकडे ही आंबेडकर जयंती. बाबासाहेब कोण हे सांगता सांगता आमची चहाची सुट्टी संपून गेली.

बाबा, इथल्या खेड्यांतली जुनी घरं अगदी आपल्या कुडाच्या घरासारखी, काठ्यांच्या कुडाला माती लिंपलेली. भेगेत किडा, किड्याखाली माणूस. ज्याच्याकडे विटांचं घर होतं त्याला हा रोग फारसा झालाच नाही. फवारणी झाली, घरं सुधारली आणि या किड्याच्या मुख्य जातीकडून होणारा प्रसार थांबल्याचं प्रमाणपत्र ब्राझीलला 2006 मध्ये मिळालं. पण ज्यांना लहानपणी लागण झाली ते लोक आता साठ-सत्तरीत आहेत. जगात अजून सुमारे 70 लाख लोकांच्या अंगात हा जंतू आहे, बहुतेक याच खंडात. लागण होते तेव्हा थोडा ताप येतो, तोही बरेचदा कळत नाही. मग वीस-तीस वर्षं काहीच नाही. माणूस ऊस तोडतो, लग्न करतो, शहरात येऊन बांधकामावर राबतो. आतल्या आत मात्र हृदयाच्या स्नायूत सूज येत राहते आणि व्रण पडत जातात. दर तिघांतल्या एकाला कधी ना कधी हृदयाचा त्रास होतो. ठोके अडखळतात, पंपिंग घसरतं, आणि काहींचा तर चालता चालता जीव जातो.

गेल्या आठवड्यात एक आजोबा आले होते, उत्तरेकडच्या कोरडवाहू भागातून, रात्रभर बसनं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मी परदेशी दिसते म्हणून माझ्याशी सावकाश, मोठ्यानं बोलले. इको इथले डॉक्टर करतात, मी शेजारी बसून चित्रं बरोबर येताहेत का ते बघते आणि नंतर मोजमाप घेते. डाव्या कुशीवर निजवायचं, डावा हात डोक्याखाली, जेल लावायचं आणि श्वास सोडून थांबायला सांगायचं. शागसमध्ये सगळं लक्ष हृदयाच्या टोकाकडे. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचा मशीनचा दांडा, जरा वर धरला गेला तर टोक कापलं जातं, चित्र दिसायला सुरेख येतं आणि नेमकी हवी ती गोष्ट निसटते. डॉक्टरांनी प्रोब एक बरगडी खाली सरकवला तेव्हा दिसलं : डाव्या कप्प्याच्या टोकाला, सायकलच्या ट्यूबला येतो तसा छोटा फुगा. बाकी कप्पा जोरात आकुंचन पावतोय आणि तो फुगा ढिम्म. अशा फुग्यात रक्त साचून गाठ होते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. आजोबांचं पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातलं दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, 52 टक्के होतं. नुसता तो आकडा पाहून कोणीही त्यांना घरी पाठवलं असतं. गाठ होऊ नये म्हणून त्यांचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. जाताना त्यांनी पिशवीतून घरचं पांढरं चीज काढून माझ्या हातावर ठेवलं. नको म्हणायची सोय नव्हती.

काका विचारतात ना, औषध आहे तर तू तिथे काय शोधतेस? औषध आहे, बेंझनिडाझोल. हृदयावर आधीच परिणाम झालेल्या 2,854 रुग्णांवर पाच देशांत त्याची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2015 मध्ये आला. औषधानं रक्तातले जंतू कमी झाले, पण हृदयाचं बिघडणं लक्षणीय असं काही थांबलं नाही. उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांची ईसीजीची पट्टी अजून साफ आहे, पंपिंगही चांगलं आहे, त्यांच्यातलं कोण पुढे बिघडणार हे आधी ओळखायला हवं. निरोगी डावा कप्पा दर ठोक्याला लांबीत साधारण 20 टक्के आखडतो. काहींमध्ये पंपिंग ढळण्याच्या आधीच हे आखडणं कमी व्हायला लागतं. मी तेच मोजते, एकेक ठोका, एकेक भिंत. माझं मोजून झालं की तीच चित्रं दुसरा माणूस मोजतो. त्याला माझे आकडे दाखवत नाहीत आणि पेशंट कोण हेही सांगत नाहीत. कंटाळवाणं वाटतं ना? मला नाही वाटत. हे काम गरिबांच्या रोगाचं आहे, त्यात पैसा नाही, म्हणून फार कोणी येत नाही. आपल्या घरातून कोणीतरी आलंय याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आता इथली एक गंमत. आई, हे लोक दुपारचं जेवण झालं की दात घासतात. घरी नाही, कामाच्या ठिकाणी! प्रत्येकाच्या पिशवीत किंवा टेबलाच्या खणात एक डबी, तिच्यात ब्रश आणि छोटी पेस्ट. एक वाजता जेवण, दीड वाजता बेसिनपुढे रांग. रांगेत शिपाई असतो, नर्स असते, आमचे मोठे प्राध्यापकही तोंडात फेस घेऊन उभे असतात आणि तसंच मला विचारतात, कालचे आकडे पाठवलेस का? मी आधी समजले की त्यांच्या दाढेत काही झालंय. मग पाहिलं तर बँकेतही तेच, बसमधल्या बाईच्या पर्समध्येही ब्रशची टोपी डोकावतेय. न घासता कामाला बसणं म्हणजे त्यांना अंघोळ न करता देवळात जाण्यासारखं अवघड वाटतं. अंघोळीही दिवसातून दोनदा-तीनदा. मी त्यांना म्हटलं, आम्ही सकाळी घासतो आणि जेवल्यावर खळखळून चूळ भरतो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर गुलाबी डबी ठेवलेली, नवा ब्रश घालून! बोलायची ताकद राहिली नाही. आता मीही रांगेत असते. बडीशेप मात्र घासून झाल्यावर खाते, त्याला त्यांचा आक्षेप आहे.

जेवणाचं म्हणशील तर रोज भात आणि घेवड्याची उसळ मिळते, वर पालेभाजी. पिठलं मी रविवारी करते. रात्री एकटी बाहेर पडत नाही, उशीर झाला तर कोणीतरी दारापर्यंत सोडतं. बातम्यांत दाखवतात ते या गल्लीतलं नाही.

बाबा, आता तुमचं. इथे रोज माझ्यापुढे तुमच्या वयाच्या माणसांची हृदयं असतात आणि तुमचं मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. हे मला खातं. तुम्हाला साखर होऊन इतकी वर्षं झाली. साखरेत पंपिंग चांगलं राहूनही हृदय सैल पडायला आढेवेढे घेतं, आणि कधी कधी छातीत न दुखताच आतमध्ये बिघाड होतो. जिना चढताना थांबावं लागतं हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, संतोषनं सांगितलं. साताऱ्याला जाऊन इको करून घ्या. मी तिथे असते तर हात धरून नेलं असतं. नाही आहे, म्हणून लिहितेय. रिपोर्टचं अख्खं पान पाठवा, नुसतं नॉर्मल एवढं कळवू नका.

संतोषच्या लग्नाचं : मोठ्या बहिणीचं झाल्याशिवाय धाकट्याचं कसं, हा विचार कृपा करून सोडा. मुलगी चांगली आहे, बैठक झाली आहे, त्यांना मार्गशीर्षातला मुहूर्त हवा आहे तर हो म्हणा. माझ्यामुळे त्याला थांबवू नका. मला मात्र मार्गशीर्षात येता येणार नाही. तेव्हा पेशंटच्या फेरतपासण्यांची फेरी चालू असेल आणि एकाच हातानं मोजलेलं हवं असतं, मध्येच दुसरा माणूस बसवता येत नाही. आणि आणखी एक. प्रकल्पाची मुदत दीड वर्षानं वाढली आहे आणि मी हो म्हटलं आहे. आई, परवा फोनवर मी हे सांगणार होते, पण तू पुरणपोळीचं विचारलंस आणि मी पुरणपोळीचंच बोलत राहिले.

औंधच्या स्थळाला कळवून टाका की वाट पाहू नये. मुलगा भला असेल, त्याला दीड वर्ष ताटकळत ठेवणं बरं नाही. मी लग्नाला नाही म्हटलेलं नाही, आत्ता नाही एवढंच. पत्रिका कोणाला दाखवू नका, त्यात माझ्या मुक्कामाचं काही लिहिलेलं नाही.

पैशांचं : शिष्यवृत्ती तेवढीच आहे. दुबईचा दादा पाठवतो तेवढं मला जमत नाही, हे मला माहीत आहे. दरमहा 12,000 येतातच, त्यातून सोसायटीचा हप्ता आधी भरा. लग्नासाठी वेगळे ठेवलेले 90,000 दोन टप्प्यांत पाठवते, पहिले गणपतीआधी. यातून आईला शालू घ्यायचाच आहे, माझ्या नावानं. मांडवाच्या खर्चात घालू नका. बाबांच्या कानाचं यंत्र मी आले की बघू असं म्हणत होतो, ते आता थांबवू नका, त्याचे वेगळे पाठवते.

माझ्यावर रागावला असाल तर लिहून कळवा, गप्प बसू नका. आजीला नमस्कार सांगा.

तुमची,
मनीषा

ता. क. मामांना मुदत वाढल्याचं मी स्वतः फोन करून सांगेन, आई, तू विषय काढू नकोस. मुहूर्ताची वेळ ठरली की लगेच कळवा. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे इथे पहाटेचे अडीच, त्याप्रमाणे मी सुट्टी टाकते. आणि फोन कोणाच्या हातात द्यायचा ते संतोषला आधीच ठरवायला सांगा. सुनीताच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मला सगळा वेळ मांडवाचं छतच दिसत होतं.