रविवारच्या बातम्यांनंतर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याची टोचणी आहेच. माझी प्रकृती ठीक, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझ्या बदलीचे कळले; नव्या घराचा पत्ता कळव.

आज लिहायला बसलो ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गायिका व्हेरा लिन यांच्यामुळे. बीबीसीने नोव्हेंबर १९४१ मध्ये सुरू केलेला त्यांचा 'सिन्सिअरली युवर्स' हा रेडिओ कार्यक्रम, रविवारी रात्री नऊच्या बातम्यांनंतर लागणारा, दूरच्या आघाडीवरील सैनिकांना गाण्यांतून पाठवलेल्या पत्रासारखा. त्यासाठी त्या इस्पितळांत जाऊन नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना भेटत आणि समुद्रापलीकडच्या नवऱ्यांना निरोप पोहोचवत. बाळ-बाळंतीण सुखरूप.

यावरूनच आपले वसतिगृहात भांडण झाले होते. असल्या हळव्या गाण्यांनी शिपाई मऊ पडेल, ही त्या काळच्या टीकाकारांची तक्रार तू उचलून धरलीस आणि १९४२ मध्ये बीबीसीनेच अतिभावुक गाण्यांवर निर्बंध घातले होते, हे माझ्या तोंडावर फेकलेस. घराची ओढ गाण्याने निर्माण होत नाही, ती आधीच असते, असे मी म्हणत राहिलो. १९४४ मध्ये त्या ब्रह्मदेशापर्यंत जाऊन सैनिकांसमोर गायल्या, हा माझा हुकमी पत्ता होता. चार दिवस अबोला धरून शेवटी रेडिओचे सेल संपले, तेव्हा ते आणायला दोघेही एकत्रच गेलो! अमेरिकन सैनिकांच्या 'कमांड परफॉर्मन्स' या फर्माइशींच्या रेडिओ कार्यक्रमात कोणी गाणे न मागता कॅरोल लँडिस या नटीचा नुसता सुस्कारा मागितला होता, हे तेव्हा ठाऊक असते, तर तू हसून हसून भांडण विसरला असतास.

आता खरे सांगतो. अनिकेत शांतिसेनेच्या तुकडीबरोबर परदेशात आहे आणि सूनबाई दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी काचेच्या पेटीत आहे. वजन वाढते आहे, पण डॉक्टर अजून निश्चित काही सांगत नाहीत. मुलगी झाली एवढेच त्याला कळवले आहे. "बाबा, बाकीचे तुम्हीच सांगा, माझा आवाज फुटेल," असे ती म्हणाली. मी मोबाइलवर चार वेळा निरोप ध्वनिमुद्रित केला आणि चारही वेळा पुसून टाकला. 'सुखरूप' या शब्दाशी येऊन अडतो. ज्या आईचे मूल अशक्त होते, तिने साऱ्या सैन्याला ऐकू जाणाऱ्या त्या निरोपात काय सांगितले असेल, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. तिला निदान दुसरे पत्र लिहिता येत होते आणि ते पोहोचेपर्यंत मूल सावरण्याची आशा होती. माझा निरोप क्षणात पोहोचतो, आणि तो ऐकून त्याला पहाऱ्यावर उभे राहायचे असते.

त्या भांडणात तुझी बाजू अगदीच खोटी नव्हती, असे आता वाटते. पुढे तू स्वतः अठरा वर्षे गणवेशात काढलीस. घरून असा निरोप आला असता, तर तुला तो पूर्ण हवा होता की अर्धा? रविवारी रात्री त्याचा फोन येतो. त्याआधी कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत