चौथ्या कडव्याच्या आधीचा श्वास

आदरणीय बाई,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. तरीही हे पत्र मराठीतच लिहिते आहे, कारण मनापासून आभार मानायचे म्हटले की माझे जर्मन फार तोकडे पडते.

लाइपझिगमध्ये आल्यावर पहिल्यांदा ज्या गायकवृंदाकडे गेले, तिथल्या संचालकांनी मला पाच रेघांची स्वरलिपी सराईतपणे वाचता येत नाही हे कळताच, श्रोत्यांत बसूनही बाखच्या संगीताचा आनंद घेता येतो, असे फार गोड शब्दांत सुचवले होते. बारा वर्षे ख्याल शिकल्याचे सांगितले, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिले. त्यानंतर तुमच्या हौशी गायकवृंदात दबकतच आले. तालमीला होता बाखचा चौथ्या क्रमांकाचा कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्ये यांच्यासाठीची अनेक भागांची रचना. मार्टिन ल्यूथरच्या १५२४ च्या ईस्टरगीताची सातही कडवी बाखने तिथे एक शब्द न बदलता घेतली आहेत, आणि प्रत्येक कडवे ‘हालेलुया’वर येऊन थांबते. चालीचे पहिले पाऊलच पंचमावरून तीव्र मध्यमावर उतरते. ते मी सरगमात गुणगुणले, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. ‘पुन्हा म्हणा’ म्हणालात.

माझी खरी परीक्षा चौथ्या कडव्यात होती. जीवन आणि मरण यांच्या त्या अद्भुत युद्धात बाकीचे तीन आवाज एकमेकांच्या मागे धावत असतात, साथीला केवळ कंटिन्युओ, म्हणजे खर्जातल्या वाद्यांचा आधार, असतो आणि मूळ चाल संथपणे पुढे न्यायची असते ती आम्हा आल्टोंना, म्हणजे बायकांमधल्या खालच्या आवाजांना. दोन ओळींच्या मध्ये थांबायचे किती, हे मला कधीच मोजता आले नाही. समेची वाट पाहायची सवय असलेल्या माणसाला इथे धरायला काहीच सापडत नाही.

मैफलीच्या दिवशी तिसऱ्या कडव्यात उंच पट्टीत गाणारा टेनर ‘निख्ट्स’, म्हणजे ‘काहीही नाही’, या शब्दावर आला आणि व्हायोलिनांसकट सारे क्षणभर थबकले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. पुढचे कडवे आमचे होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाही. फक्त आमची ओळ येण्याआधी तुम्ही मला नीट ऐकू येईल असा खोल श्वास घेतलात, आणि पुढे प्रत्येक ओळीआधी तसाच. त्या श्वासाला धरून मी एकही जागा न चुकता कडवे पार केले. शिकवण्याचा आव न आणता आणि चारचौघांत उणे न दाखवता शेजारच्याला सांभाळून घेणारी माणसे मला गाण्यात फार थोडी भेटली. विद्वान मात्र पुष्कळ भेटले.

नंतर मी विचारले, तर ‘वय झाले, श्वास वाजतो’ एवढेच म्हणालात. काल त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकले. पहिल्या आणि सातव्या कडव्यातही आपण शेजारी उभ्या राहून गायलो होतो. तिथे तुमचा श्वास कुठेही ऐकू येत नाही.

तुमच्या डावीकडची आल्टो