आण्णा, चरात उतरू नका

ग्रँड रॅपिड्सजवळ, मिशिगन
8 एप्रिल

तीर्थरूप आण्णा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दादानं पाठवलेले फोटो मिळाले. माळाच्या तुकड्यावर फक्की मारून खोल्या आखल्यात, मधोमध आई पदर सावरून उभी आहे, मागं जोतिबाचा डोंगर. तो फोटो मी दिवसभरात किती वेळा बघितला असेन ते सांगता येत नाही. 2019 ला चिखलीतलं घर पाण्यात गेलं, 2021 ला परत गेलं, आणि दोन्ही वेळा मी इथं बसून नुसता फोन लावत होतो. आता पाण्याच्या वर, आपल्याच रानात घर होतंय, याच्यापेक्षा मोठं समाधान मला नाही.

अक्षय तृतीयेला कुदळ मारायची ठरली आहे म्हणून हे पत्र घाईनं लिहितोय. फोनवर मी खोदाईचा विषय काढला की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन आईकडं देता. लिहिलेलं तुम्ही दोनदा वाचता, हे मला माहीत आहे.

आधी दादाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यानं विचारलंय की आपल्या छोट्या ट्रॅक्टरला मागं बॅकहो, म्हणजे खोदाईचा बकेटवाला हात, बसवून घेतला तर पाया, टाकी, पाइपलाइनचे चर सगळं घरच्या घरी होईल का, आणि पुढंही रानात उपयोगी पडेल का.

मी हे काम शेजारच्या आजोबांच्या कुबोटावर शिकलो. 21-22 हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, आपल्या उसात आंतरमशागतीला फिरतो तेवढाच ट्रॅक्टर. पुढं लोडर, मागं बॅकहो. सीट मागं फिरवून बसायचं, पुढचं बकेट जमिनीवर दाबून पुढची चाकं हलकी करायची, मागचे दोन पाय खाली सोडून मशीन स्थिर करायचं आणि मग दोन लेव्हरी हातात घ्यायच्या. डाव्या लेव्हरीला बूम, म्हणजे बॅकहोचा मुख्य हात, आणि तो डावीकडं-उजवीकडं फिरवणं, उजव्या लेव्हरीला त्याच्या टोकाचा दांडा आणि बकेट. आजोबांनी पहिले दोन तास मला मोकळ्या जागेत एकच खड्डा काढायला आणि तोच बुजवायला लावला. बकेटचे दात मातीत फार उभे घुसवले की इंजिन दबतं आणि ट्रॅक्टरच मागं ओढला जातो. दात जरा आडवे धरून, चार बोटं जाडीची साल काढत आणलं की बकेट आपोआप भरतं, आणि इंजिनचा आवाजसुद्धा बदलत नाही. हे हाताला कळायला मला दोन शनिवार लागले.

मशीन गुणाचं आहे. झाडाच्या मुळापाशी, भिंतीच्या कडेला, जिथं मोठं मशीन जात नाही तिथं ते जातं. पण दादा, ते हळू आहे. 60 फूट लांब, 16 इंच रुंद आणि 5 फूट खोल चर म्हणजे चार ब्रास (400 घनफूट) माती. तेवढ्याला मला दोन आठवड्यांचे सुट्टीचे दिवस गेले, कारण दर पाच-सहा फुटांनी पाय उचलायचे, पुढं सरकायचं, परत पाय टेकायचे.

शिवाय आपल्या ट्रॅक्टरला नुसत्या तीन पॉइंटच्या लिंकेजवर बॅकहो अडकवून देतो असं कुणी म्हणत असेल, तर ते अजिबात घेऊ नका. ते लिंकेज नांगर ओढायला केलेलं आहे. बॅकहो ओढत नाही, तो रेटतो आणि पिळतो. त्या जोरानं ट्रॅक्टरची मागची हाउसिंग (गिअरचं लोखंडी कवच) तडकू शकते, आणि लिंक सुटली तर बॅकहो उचलून पुढं, बसलेल्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो. आजोबांच्या ट्रॅक्टरला खालून पुढपर्यंत जाणारी लोखंडी सबफ्रेम आहे, सगळा जोर ती घेते. आण्णांना हे एका वाक्यात कळेल.

एका घराच्या खोदाईसाठी तासावर जेसीबी सांगावा, हे माझं स्पष्ट मत. आपल्याकडं दिसतो तो जेसीबीचा थ्रीडीएक्स मॉडेल 70-75 हॉर्सपॉवरचा, साडेसात टनांच्या आसपास वजनाचा, आणि पावणेपाच मीटरपर्यंत खोल जाणारा. माझे चार दिवस तो अर्ध्या दिवसात संपवेल. (आण्णा, जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाच्या नावाची आद्याक्षरं. 1945 साली इंग्लंडात एका भाड्याच्या गॅरेजात त्यानं ट्रेलर बांधून धंदा सुरू केला. एका कारागिराचं नाव आज आपल्या गावातल्या पोरांच्या तोंडी आहे.)

आता खाली काय पुरलंय त्याबद्दल. इकडं खोदायच्या आधी 811 नंबरला कळवावं लागतं, आमच्या राज्यात तीन कामाचे दिवस आधी. मग माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा मारतात आणि बारकी निशाणं रोवतात: विजेला लाल, गॅसला पिवळा, पिण्याच्या पाण्याला निळा, फोनच्या तारांना नारिंगी, सांडपाण्याला हिरवा. मी चर आखला होता त्याच्या बरोबर मधून पिवळी निशाणं गेली. तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. चराची दिशा बदलली, आणि खुणेच्या आसपासची माती फावड्यानं हातानं काढली. पण मीटरच्या अलीकडं आपण स्वतः पुरलेली तार ते दाखवत नाहीत. शेडला गेलेली केबल मला आधीच्या मालकाला विचारूनच कळली.

आपल्याकडंही 2023 मध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलंय, पण आपल्या माळाखालून पाणीपुरवठा संस्थेची जी लाइन उसाला जाते ती त्यात सापडेल असं धरून चालू नका. ती लाइन कुठून वळते हे तुम्हाला आणि संस्थेच्या पाटकऱ्याला ठाऊक आहे. दोघांनी एकदा चालत जाऊन तिच्यावर फक्की मारून घ्या. एप्रिल-मे महिन्यात बकेटचा एक दात त्या पाइपात गेला तर खालच्या सगळ्यांचा ऊस वाळेल, आणि भावकीत पिढीभर पुरेल एवढं भांडण लागेल.

ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते आता सांगतो. हे मी आजपर्यंत घरी सांगितलेलं नाही. आई घाबरेल म्हणून नाही सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी बोअरपासून मागच्या शेडपर्यंत पाण्याची लाइन टाकत होतो. इकडं थंडीत जमीन वरून खाली गोठत जाते, मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि पायासुद्धा उचलतं. म्हणून पायाचा तळ 42 इंचांच्या खाली न्यावा लागतो, आणि पाण्याचा पाइप मी त्याहून खोल, 5 फुटांवर घेतला. आपल्या काळ्या मातीचं दुखणं याच जातीचं आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वर बांधलेल्या भिंतीला तडे जातात. दादा म्हणाला की चार फूट काळी आहे आणि मग मुरूम लागतो. तर मुरमापर्यंत जायलाच हवं, आणि माणूस उतरेल असा खड्डा तिथंच तयार होतो.

माझा चर सरळ उभा निघाला होता. वर हातभर काळसर माती, खाली पिवळी वाळू. भिंती इतक्या साफ की सुरीनं कापल्यासारख्या. बघून मला अभिमान वाटला. काढलेली माती मी कडेलाच टाकत गेलो, कारण बूम कमी फिरवावा लागतो आणि वेळ वाचतो. रात्री पाऊस झाला. सकाळी मी आत उतरलो, तळातले दगड वेचत होतो, उकिडवा बसून. बुटावर काहीतरी पडत होतं. पोत्याला बारीक भोक पडून धान्य गळावं तशी वाळूची धार, आवाजसुद्धा तसाच, सरसर. मी लक्ष दिलं नाही. स्पिरिट लेव्हल वर राहिली होती, ती आणून ठेवली, आणि पाइप घ्यायला परत वर आलो. वर आल्यावर दिसलं की कडेपासून फूटभर मागं, चराला समांतर, एक भेग गेली आहे. अंगठा जाईल एवढी. रात्री ती नव्हती. मी ट्रॅक्टरपर्यंत पोचलो असेन, मागं धप्प असा आवाज झाला. फार मोठासुद्धा नाही. वळून बघितलं तर आठ फूट लांबीची कड वरच्या ढिगासकट आत बसली होती.

मी जिथं उकिडवा बसलो होतो तिथं माती माझ्या छातीच्या उंचीपर्यंत आली होती. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत. लेव्हल आम्हाला अर्ध्या तासानं सापडली.

आण्णा, एक ब्रास माती साडेचार टनांच्या घरात भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही, कारण सोडलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर माती आणखी आवळते. आणि त्याला काढायला घाईनं उडी मारणारा दुसराही बऱ्याचदा त्याच मातीत जातो.

मी लहान असताना तुम्ही मला एकदा शिरोलीच्या फौंड्रीत नेलं होतं. मोल्डिंगच्या पेटीतून तुम्ही पॅटर्न उचललात आणि वाळूची कड जशीच्या तशी उभी राहिली, मला ती जादू वाटली होती. तुम्ही म्हणालात, जादू नाही, वाळूत ओल आणि बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकट माती) बरोबर आहे तोवर ती धरते, वाळली की कड झडते, पाणी जास्त झालं तरी बसते. चराची भिंतसुद्धा तेवढ्याच जोरावर उभी असते. ताजी कापलेली असते म्हणून उभी असते. दुपारच्या उन्हानं वाळली, किंवा वळवाची एक सर आली, की तिचा भरवसा संपला. चाळीस वर्षं ज्यांनी वाळूची नस ओळखली त्यांना मी हे सांगतोय, पण तुम्ही पेटीच्या बाहेर उभे असायचा. इथं माणूस पेटीच्या आत असतो.

इकडच्या कामगार सुरक्षेच्या नियमात आहे की 5 फूट किंवा त्याहून खोल चरात, तो अखंड खडकात नसेल तर, भिंती तिरक्या कापल्याशिवाय किंवा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. काढलेली माती कडेपासून किमान 2 फूट लांब. 4 फुटांपासून पुढं आत शिडी हवी, तीही माणसापासून 25 फुटांच्या आत. नियम ठेकेदारांसाठी आहे, घरमालकाला कुणी विचारत नाही. मी त्या दिवसापासून तो माझ्यासाठीच आहे असं धरलं. बाकीचा चर भिंती तिरक्या करून काढला, काम वाढलं, वाढू दे.

आपल्याकडं जागेची अडचण नाही, माळ मोकळा आहे. सेप्टिक टाकीचा खड्डा सात-आठ फूट जाईल, तिथं जेसीबीवाल्याला आधीच सांगा की एक फूट खोलीला एक फूट कड मागं घ्यायची. तो म्हणेल माती कडक आहे, कशाला तास वाढवताय. तुम्ही तास वाढवा. ते पैसे मी पाठवतो. मातीचा ढीग चार हात लांब टाकायला लावा आणि विटांची किंवा उसाची ट्रॉली त्या कडेनं जाऊ देऊ नका. कडेला समांतर भेग दिसली, वाळू सरसरली, खाली पाणी झिरपलं, की सगळ्यांनी वर. कॉलमचे खड्डे पडले की लगेच पीसीसी (तळाचा साधा काँक्रीटचा थर) करून घ्या, वळवासाठी उघडे ठेवू नका. रात्री भोवती बाभळीच्या काट्या टाका, पोरं आणि वासरं तिकडं जायला नकोत.

आणि तुमची सवय मला माहीत आहे. मिस्त्रीनं लेव्हल दाखवली तरी तुम्ही स्वतः खाली उतरून तळाला हात लावल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. या वेळी वरून बघा. ट्यूब लेव्हलचं एक टोक वर, एक खाली सोडलेल्या पट्टीला, वरून वाचता येतं. मुरूम लागला की नाही हे बकेटमधून वर आलेल्या मातीत कळतं, ती हातात घेऊन बघा, पाहिजे तेवढा वेळ बघा. मिस्त्रीच्या माणसांनाही तेच सांगा. तीही कुणाच्या तरी घरून डबा घेऊन आलेली असतात.

आईला हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा, ऑक्टोबरचं मात्र सावकाश सांगा. मी ठणठणीत आहे. तुमची सून आणि पोरं बरी आहेत, धाकटा नव्या घराचा फोटो शाळेत घेऊन गेला होता. वहिनीला नमस्कार, दादाच्या पोरांना आशीर्वाद.

खोदाईचा दिवस ठरला की दादाला कळवायला सांगा. तिकडं सकाळी 8 वाजता मशीन लागलं तर इकडं आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. मी जागा राहतो. दादानं व्हिडिओ कॉल लावून फोन कडेपासून लांब उभा धरावा, मला तुम्ही वर उभे दिसलात की पुरे.

तुमचा,
बाळू