आमचा व्हिडिओ गेम नकलीच होता, तसंच लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमवर अन त्या नव्यानं निघालेल्या बारक्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) जे लिहून आलं ते दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं (ती मेथी निवडत होती, हं म्हणाली). चांगलं लिहिलंय, वाद नाही. पण त्यात एक वाक्य आहे की नव्वदच्या दशकात आपण सगळे निन्टेन्डोवर (जपानी कंपनीचं गेमचं मशीन) वाढलो. साहेब, आपण म्हणजे कोण? मी सेलूचा, जिल्हा परभणी. आमच्या गल्लीत, शाळेतल्या पोरांकडं, मामाच्या गावी मानवतला, कुठंच मी निन्टेन्डो लिहिलेलं मशीन बघितलेलं नाही. कुणाकडं त्याची नकल असलेलं मायक्रो जिनियस होतं, कुणाकडं मीडिया नावाचं होतं, अन आमच्याकडं होतं त्याच्यावर धड नावच नव्हतं, नुसता एक स्टिकर होता अन तोही पहिल्या उन्हाळ्यातच निघाला.

ते मशीन वडिलांनी १९९७ च्या दिवाळीत औरंगाबादहून आणलं, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. साडेसातशे रुपयाला. वडील जिल्हा परिषदेचे मास्तर, त्यांनी ते कसं काय आणलं हे मला आजही कळलेलं नाही, आणल्यावर महिनाभर आई त्यांच्याशी त्या एका विषयावर बोलत नव्हती. दोन खेळायचे रिमोट, एक बंदूक, एक पिवळी कॅसेट अन तिच्यावर लिहिलेलं ९९९९९९९ इन १. आम्ही दोघं भाऊ येड्यासारखे मोजत बसलो की एवढे गेम संपवायला किती वर्षं लागतील. दुसऱ्या दिवशी कळलं की मारिओ एकदा पहिल्या नंबरला आहे, मग चौदाव्याला, मग एकाहत्तराव्याला, फरक एवढाच की एकात मारिओ डायरेक्ट तिसऱ्या बोर्डापासून (टप्प्यापासून) सुरू होतो. खरे गेम पंधरा-वीस निघाले. तरी मोजलेलं वाया गेलं असं वाटलं नाही.

अन टीव्हीला जोडायचं म्हणजे काय साधं काम नव्हतं. मागं जायचं, अँटेनाची वायर काढायची, तिथं गेमची लावायची, मग टीव्हीच्या पुढच्या दारातलं ते बारकं चाक फिरवत फिरवत मुंग्या कमी करत आणायच्या, मध्येच चित्र दिसलं की "थांब थांब थांब" असं ओरडायचं, तोवर हात पुढं गेलेला असायचा. अडॉप्टर असा तापायचा की आम्ही तो शहाबादी फरशीवर उघडा ठेवायचो अन अर्ध्या तासानं जागा बदलायची, कारण खालची फरशीही गरम व्हायची. परभणी जिल्ह्यातला मे महिना, त्यात लोडशेडिंग. लाईट जायची ती बरोबर आठव्या बोर्डाला जायची. आजोबांचं वेगळंच, या गेमनं टीव्हीची ट्यूब जाते म्हणून ते दर दहा मिनिटाला येऊन टीव्हीच्या मागं हात लावून बघायचे. (आजोबा अगदीच चूक नव्हते, एकच चित्र तासन् तास थांबलं तर पिक्चर ट्यूबवर त्याचा डाग राहतो. पण तेव्हा त्यांना कोण मानणार.)

हे सगळं सांगायचं कारण असं की पुरवणीतला तो बारका कन्सोल, निन्टेन्डोचाच एनईएस क्लासिक, मी हाताळलेला आहे. माझा मेव्हणा अमेरिकेत असतो, त्यानं २०१८ च्या दिवाळीत आणला होता. ते मशीन मुळात २०१६ च्या नोव्हेंबरात आलं, साठ डॉलरला, म्हणजे तेव्हाचे चार हजार रुपये. दुकानात आलं की संपायचं, अन एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनं बनवणंच थांबवलं, लोकांनी बोंब मारली म्हणून २०१८ च्या जूनमध्ये परत आणलं. तळहातावर मावतं, एचडीएमआयची वायर आहे, चाक फिरवणं नाही, मुंग्या नाहीत. तीस गेम आत भरलेले, प्रत्येकाचं नाव एकदाच, डब्याच्या चित्रासकट. रिमोटची वायर मात्र एवढी तोकडी की टीव्हीसमोर जमिनीवरच बसावं लागतं, अन गेम बदलायचा तर उठून मशीनचंच बटण दाबायचं. ते आपल्याला चालतं, आपण सोफ्यावर बसून खेळलोच कधी.

पण यादी बघितली अन मी मेव्हण्याकडं बघितलं. गोळीबाराचा कॉन्ट्रा नाही! त्याच्या पुढचा भाग आहे, सुपर सी म्हणून, पण कॉन्ट्रा नाही. बदकं मारायचा डक हंट नाही, कारण बंदूकच नाही. रणगाड्याचा गेम नाही, ज्याला आम्ही नुसतं टँक म्हणायचो, विटांच्या भिंतीमागं गरुड असतो तो. आता कळलंय की त्याचं खरं नाव बॅटल सिटी, नामको कंपनीचा, १९८५ चा, अन तो अमेरिकेतल्या मशीनसाठी कधी विकलाच गेला नाही. तो आपल्यापर्यंत आला तो नकली कॅसेटच्या पोटातूनच. अन त्या तीसमध्ये झेल्डा नावाचा साहसाचा गेम होता, जो तिकडच्या लोकांच्या डोळ्यात पाणी आणतो म्हणे, तो मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघायलो होतो. म्हणजे ती आठवण आहे, पण दुसऱ्याची आहे.

त्याहून मोठी गंमत पुढं आहे. मेव्हण्यानं मारिओ लावला अन मला आवाज चुकीचा वाटला. पार चुकीचा. चाल तीच, पण कुणीतरी वेगळ्याच पेटीवर वाजवल्यासारखी. मी म्हटलं तुझं मशीन बिघडलंय, तो म्हणे भाऊजी हा ओरिजिनल आवाज आहे. मग बरेच दिवस डोकं खाल्लं तेव्हा उत्तर सापडलं. निन्टेन्डोच्या मूळ मशीनमध्ये सूर काढायला दोन मुख्य चॅनल असतात, अन त्यांच्या लाटेचा आकार कमीजास्त करायच्या ठरावीक सेटिंग असतात. तैवान-चीनमध्ये ज्यांनी नकल केली त्यांच्या बऱ्याच चिपांमध्ये यातल्या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली आहे. चूक कुणाची, का झाली, देवाला ठाऊक, पण ती चूक लाखो मशीनमधून वाजली अन त्यातलं एक सेलूत आमच्या घरी होतं. म्हणजे मी लहानपणभर जो मारिओ ऐकला तो चुकलेला होता, अन आज खरा ऐकला तर मला तोच खोटा वाटायलाय.

पुढच्या वर्षी मी संभाजीनगरात एका प्रदर्शनात, जिथं मसाज मशीन अन लोणची एकाच रांगेत असतात, तिथून त्या बारक्या कन्सोलची नकल घेतली, ६२० इन १. बाराशे रुपये. दिसायला जवळपास तसंच, कंपनीचं नाव नाही, बॉक्सवर इंग्रजीच्या चुका. घरी आणून लावलं अन मारिओ सुरू झाला तर, साहेब, तोच आवाज! आमचा आवाज! मेनूत एकच गेम चार-चार नावानं, टँकही होता. धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्याला फोन लावून नुसता आवाज ऐकवला, तो पलीकडून म्हणाला, "दादा, अडॉप्टर तापलाय का बघ."

दीड महिन्यात त्याच्या एका रिमोटचं उडी मारायचं बटण मेलं अन मग मशीनच बंद पडलं, विकणाऱ्याचा नंबर लागत नाही. नकलीच ते, तक्रार कुणाकडं करायची. पण म्हणून जे अस्सल म्हणून विकतात ते तरी काय आहे हे पण तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं. त्या कंपनीच्या बारक्या कन्सोलमध्ये १९८३ च्या मूळ मशीनचा एकही भाग नाही. आत मोबाईलसारखी चिप आहे, तिच्यावर लिनक्स (कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली) चालतं, अन एक प्रोग्राम जुन्या मशीनचं सोंग घेतो. सोनीनं २०१८ च्या डिसेंबरात त्यांच्या पहिल्या प्लेस्टेशनचं बारकं काढलं, शंभर डॉलरला, वीस गेम, तर त्यात त्यांनी स्वतःचा प्रोग्राम पण बनवला नाही, हौशी लोकांनी बनवून फुकट वाटलेलाच वापरला. वर काही गेम युरोपातले घातले, जे मुळातच कमी वेगानं चालतात. मग लोक चिडले अन किंमत भराभर खाली आली. मी काही त्यांच्यावर चिडलेलो नाही, मी फक्त विचारायलो की मग अस्सल कोण? माझ्या जुन्या मशीनमध्ये निदान कॅसेट खरोखर वाचली जाते. मी ते उघडून बघितलंय, आत हिरव्या पट्टीवर डांबराचा थेंब पडल्यासारखा एक काळा ठिपका आहे, त्याच्याखाली अख्खं मशीन एका चिपमध्ये. बाकी सगळी मोकळी जागा, उगं डबा मोठा दिसावा म्हणून.

हो, ते मशीन अजून आहे. आईनं माळ्यावर पितळी भांड्यांच्या पोत्यामागं ठेवलं होतं, मागच्या महिन्यात काढलं. कॅसेट चालत नव्हती तर हात सवयीनं तोंडाकडं गेला, फुंकर मारायला. मारली नाही. फुंकरीनं काही होत नसतं, कॅसेट काढून परत बसवली म्हणून ती लागायची, उलट थुंकीच्या ओलाव्यानं पट्ट्या गंजतात. कापसाला स्पिरिट लावून पट्ट्या पुसल्या, तिसऱ्या खेपेला लागली. वहीसुद्धा सापडली, सहावीची गणिताची, तिच्या शेवटच्या पानावर भावाच्या अक्षरात, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. कॉन्ट्रात तीस लाईफ मिळायच्या त्याचा मंत्र. हे ज्यानं बनवलं ते कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो, त्यांना स्वतःलाच ग्रेडियस नावाचा आपला गेम तपासताना अवघड जायचा म्हणून त्यांनी ही सोय घातली, २०२० च्या फेब्रुवारीत ते वारले. जपानातून ते सेलूच्या सहावीच्या वहीत कसं आलं तर नांदेडहून, भावाच्या मित्राच्या आतेभावाकडून, अन त्या बदल्यात भावानं त्याला आठ कंचे दिले होते.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो. बंदूक चालत नाहीये. बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही बदललाय. त्याचं असं आहे की तुम्ही घोडा ओढला की क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, अन बंदुकीच्या नळीत एक डोळा असतो तो आधी काळं अन मग पांढरं दिसलं का एवढंच बघतो. (म्हणून आम्ही बल्बावर बंदूक धरून लबाडी करायला गेलो ती कधीच जमली नाही, बल्ब काळा कुठं होतो.) पिक्चर ट्यूबवर हे सगळं ताबडतोब होतं, एलईडी टीव्ही चित्र दाखवायला जराक उशीर करतो, तेवढ्यात बंदुकीचा हिशोब चुकतो, बदक उडून जातं अन ते कुत्रं गवतातून वर येऊन हसतं. अन आणखी एक गोष्ट मला यंदा कळली की एका बदकाच्या खेळात बंदूक एकाच्या हातात असताना दुसऱ्यानं रिमोट धरला तर बदक त्याला हलवता येतं. भावाला विचारलं तर तो हसायला लागला. नेम माझा नव्हता चुकत, हे मला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी समजलं, तर त्याच्याशी एकदा समोरासमोर खेळायचं आहे, रिमोट माझ्या हातात ठेवून.

सेलू, जिंतूर, परभणी सगळीकडच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडं फिरलो, पिक्चर ट्यूबवाला चालू टीव्ही कुणाकडंच नाही, सगळे भंगारात किलोवर गेले. एकानं तर मलाच विचारलं, कशाला पाहिजे, तांब्यासाठी का? तुमचा पेपर आमच्या भागात घरोघर जातो म्हणून विनंती, कुणाच्या माळ्यावर, शेतातल्या खोलीत, कुठंही चौदा इंची टीव्ही पडून असेल अन चित्र येत असेल तर तुमच्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी स्वतः गाडी घेऊन येऊन नेईन. रंग थोडे फिके असले तरी चालंल. टीव्हीचा रिमोट नसला तरी चालंल, चॅनलचं चाक मात्र फिरत असावं.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)