घरातल्या अत्याचाराची साक्ष आणि विलंबाचा प्रश्न

महोदय,

घरातल्याच माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात ‘इतके दिवस गप्प का राहिलीस?’ हा प्रश्न मुलीला हमखास विचारला जातो. ज्याच्या कमाईवर घराची चूल पेटते त्याच्याविरुद्ध पोलीस स्थानकाची पायरी चढायची, आणि आई मात्र घर मोडेल म्हणून हातापाया पडते आहे, अशा अवस्थेत झालेला विलंब मुलीच्या खोटेपणाचा पुरावा कसा ठरेल? पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर इतर पुराव्याच्या दुजोऱ्याचा आग्रह धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात सांगितले. २००३ मध्ये तर गोव्यातीलच एका खटल्यात, तक्रारीतील विलंबाकडे बोट दाखवून साचेबंद पद्धतीने संशय घेता येणार नाही, असे बजावले. आरोपीला उलटतपासणीचा हक्क आहे आणि तो असायलाच हवा. मात्र नातेवाईक साक्ष फिरवायला लावतात ते तारखा लांबल्यामुळेच. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३५ नुसार न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवणे अपेक्षित आहे. आपल्या राज्यात ही मुदत काटेकोरपणे पाळली जावी आणि तोवर मुलीला आरोपीच्या घरी ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, फोंडा